व्हेन्व्ह म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा लॅपटॉप नव्हे

"4 जीबी रॅम आहे, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट झेपायचं नाही." बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांत हा समज एका बॅचकडून दुसरीकडे जात राहिलाय. तो चुकीचा आहे. हे एन्व्हायर्नमेंट म्हणजेच पायथनचं व्हेन्व्ह: प्रत्येक प्रोजेक्टाची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, वेगळी ठेवायची सोय.

व्हर्च्युअल मशीन वेगळं. त्यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम चालते, तिला रॅम काढून द्यावी लागते. पायथनचं व्हेन्व्ह हा नुसता फोल्डर. 2012 साली पायथन 3.3 सोबत आलेला. लिनक्सवर त्यात पायथन सहसा कॉपीसुद्धा होत नाही, मूळ पायथनकडे नेणारी लिंक असते. पायथनसोबत येणारा तयार कोड, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी, हीही मूळचीच वापरली जाते. वेगळी राहतात ती पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, घातलेली पॅकेजेस. म्हणून एका प्रोजेक्टात वेबसाइटसाठीचं जँगो 4.2 आणि दुसऱ्यात 5.2 सुखाने नांदतात. अ‍ॅक्टिव्हेट केलं की त्या टर्मिनलपुरता हा फोल्डर पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या जागांच्या यादीत, पुढे येतो, इतकंच. मागे काही चालू राहत नाही, मग रॅम खाणार कोण?

डिस्कवरची जागा मात्र जाते. मशीन लर्निंगच्या टेन्सरफ्लोसारखं धूड तीन प्रोजेक्टांत घातलंत तर तीनदा जाते, हे खरं.

याच्या उलट टोकाचा समज जास्त धोक्याचा: अनोळखी कोड व्हेन्व्हमध्ये चालवला की मशीन सुरक्षित. अजिबात नाही. तो कोड तुमच्या सगळ्या फाइली वाचू शकतो, पुसूही शकतो.

आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर घालून चिक्कोडीच्या मित्राला देऊ नका. आत तुमच्याच मशीनवरच्या फोल्डरांचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. पिप फ्रीझ या कमांडने पॅकेजेसची यादी काढून ती फाइल द्या. व्हेन्व्ह तो त्याच्याकडे नवं करेल.