कागदावर बेतलेली षटकोनी गोधडी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून षटकोनी कागदांचा संच नेणाऱ्या बहुतेक ग्राहकांना गोधडी नवी नसते. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून काठाकडून आत धावदोरा घालत शिवलेली गोधडी पुण्यातील अनेक घरांत आजही पांघरली जाते. या संचाची पद्धत मात्र वेगळी आहे. येथे कापडाचा प्रत्येक तुकडा आधी कागदाच्या षटकोनावर दुमडून टाचायचा असतो, असे तुकडे कडेला कड लावून हाताने जोडायचे असतात, आणि एखाद्या षटकोनाला सहाही बाजूंनी शेजारी मिळाले की त्याच्या आतला कागद काढून घ्यायचा असतो. शिवणयंत्र कोठेही लागत नाही.

‘इंग्लिश पेपर पीसिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथील क्विल्टर्स गिल्ड या गोधडी शिवणाऱ्यांच्या संस्थेच्या संग्रहात १७१८ हे साल शिवलेले एक रेशमी पांघरूण आहे, आणि तेही कागदावर तुकडे दुमडूनच तयार केलेले आहे. त्या काळी कागद सहज मिळत नसल्याने जुनी पत्रे आणि हिशेबाच्या वह्यांची पाने कापून वापरली जात. अर्धवट राहिलेल्या पांघरुणांत ती तशीच सापडतात आणि त्यांवरील मजकुरावरून कामाच्या काळाचा अंदाज बांधता येतो.

कागदाविषयी थोडे सविस्तर

या संपूर्ण कामात आम्ही सर्वाधिक आग्रह धरतो तो कागदाच्या अचूकतेचा. कापड ताणले जाते, दोरा सैल पडतो, हाताचा टाका कधी लहान तर कधी मोठा येतो. हे सारे सांभाळून घेता येते, पण कागदच चुकला तर पुढची कोणतीही काळजी कामी येत नाही. प्रत्येक षटकोन अवघा अर्धा मिलिमीटर मोठा कापला गेला, तर एका फुलात, म्हणजे मधला एक आणि भोवतीचे सहा अशा सात षटकोनांत, तो फरक डोळ्याला दिसतही नाही. मात्र चाळीस षटकोनांच्या ओळीत तो दोन सेंटिमीटर होतो आणि शेजारच्या ओळीशी कोपरे जुळेनासे होतात. आमच्या सुरुवातीच्या काळात आम्ही बाहेरून कापून घेतलेल्या एका खेपेत नेमके हेच झाले होते. ते सर्व कागद आम्ही परत घेतले, आणि तेव्हापासून प्रत्येक गठ्ठ्यातील कागद एकमेकांवर उलटेसुलटे ठेवून, कडा बोटाने चाचपूनच पाकिटात भरतो.

षटकोनाचे माप त्याच्या एका बाजूच्या लांबीवरून सांगतात. एक इंची षटकोन म्हणजे ज्याची प्रत्येक बाजू एक इंच आहे असा. त्याची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी दोन इंच भरते. मागणी नोंदवताना येथे हमखास गोंधळ होतो, म्हणून आपल्याला अभिप्रेत असलेले माप बाजूचे आहे की रुंदीचे, ते कृपया स्पष्ट सांगावे.

घरी कागद कापायचे असल्यास १२० ते १५० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा. छपाईचा नेहमीचा कागद दोन-तीन वापरांत मऊ पडतो, आणि लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा सुईला आणि बोटांना त्रास देतो. वर्तमानपत्र वापरू नये, कारण त्याची शाई फिकट कापडावर उतरते. पावसाळ्यात दमट हवेने कागद नरम होतात. ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास बरे.

कापड आणि माया

सुती कापड सर्वांत उत्तम, कारण त्याची घडी नखाने दाबली तरी बसते. पोपलीन, केंब्रिक, जुन्या सुती साड्या, सदऱ्यांची कापडे, शिंप्याकडे उरलेले तुकडे, यांतले काहीही चालते. नवे कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. गडद लाल किंवा निळे कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग उतरतो का ते पाहावे, आणि उतरत असेल तर ते या कामात घेऊच नये. जुनी साडी उजेडासमोर धरून विरलेला भाग बाजूला काढावा. साडी वर्षानुवर्षे जिथे घडीवर मोडली जाते तिथे ती बहुधा झिजलेली असते. नायलॉन किंवा पॉलिस्टर सुतीबरोबर मिसळू नये, कारण सुतीला लागणारी इस्त्री त्यांना सोसत नाही.

कागदाभोवती सर्व बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे दुमडण्यासाठीचे जादा कापड, ठेवून कापड कापावे. एक इंची षटकोनासाठी पावणेतीन इंचांचा चौकोन कापून घेतला तरी पुरतो, आणि त्या हिशेबाने ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून दोनशेहून अधिक तुकडे निघतात. तुकड्याची निदान एक बाजू उभ्या किंवा आडव्या धाग्याशी समांतर असावी. कापड पूर्ण उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके, आले तर ते कागदावर ताणले जाते आणि कागद काढल्यावर आकसते.

टाका

कागद कापडाच्या उलट बाजूवर मध्यभागी ठेवावा. एक बाजू दुमडावी, मग तिच्या शेजारची, आणि दोन्ही घड्या जिथे एकमेकींवर येतात त्या कोपऱ्यात फक्त कापडातून दोन टाके घालून पुढच्या कोपऱ्याकडे जावे. सुई कागदातून न गेल्यामुळे हा कच्चा दोरा शेवटपर्यंत काढावा लागत नाही, आणि कागदाला छिद्रे न पडल्याने तो चार-पाच वेळा पुन्हा वापरता येतो.

आता जोडणी. दोन षटकोन सुलट बाजू आत घेऊन समोरासमोर धरावेत आणि कोपरे नखाने जुळवून घ्यावेत. बारीक, म्हणजे दहा किंवा अकरा नंबरची सुई घ्यावी, आणि बारीक सुती दोरा हातभरच ओवावा; त्याहून लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन झिजतो. कोपऱ्यात दोनदा उलटा टाका घेऊन दोरा पक्का करावा, आणि दोन्ही घड्यांचा एखाद-दुसरा धागाच उचलत काठावरून गुंडाळत जावे. सुईचे टोक कागदाला घासत सरकते, तो बारीकसा खरखरीत स्पर्श बोटाला कळू लागला की हात बसला असे समजावे. टोक कागदात रुतत असेल तर टाका खोल जात आहे. एका इंचात पंधराच्या आसपास टाके आले की शिवण मजबूत होते. दोरा घट्ट आवळू नये, नाहीतर सुलट बाजूने टाके दिसतात आणि शिवण चुरगळते. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, घालण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावावी.

मधल्या षटकोनाभोवती सहा पाकळ्या जोडल्या की फूल होते. त्यात बारा शिवणी येतात, म्हणजे एक इंची फुलात सुमारे १८० टाके. पुढच्या फेरीत बारा षटकोन लागतात, त्यापुढच्या फेरीत अठरा. दोन पाकळ्यांच्या खाचेत तिसरी बसवताना आधीच्या षटकोनांचे कागद खुशाल मध्ये दुमडावेत, त्याने काही बिघडत नाही.

सहाही बाजू शिवून झालेल्या षटकोनाचाच कागद काढावा. त्याआधी इस्त्री फिरवून घड्या बसवून घ्याव्यात. कडेच्या षटकोनांचे कागद काठ लागेपर्यंत आत राहू द्यावेत. वरचा थर पूर्ण झाला की त्याखाली जुन्या सुती साडीचे एक-दोन थर आणि अस्तर घालून आपल्या नेहमीच्या धावदोऱ्याने गोधडी शिवावी. धावदोरा शिवणीपासून पाव इंचाहून थोडा आत घालावा, म्हणजे सुई दुमडलेल्या मायेत अडकत नाही.

किती षटकोन लागतील?

साठ इंच बाय नव्वद इंचांच्या गोधडीला एक इंची षटकोन सुमारे २,०८० लागतात, दीड इंची ९२५ आणि दोन इंची ५२०. एक इंची गोधडीत शिवणीच सुमारे सहा हजार होतात, त्यामुळे ती काही महिन्यांचे, अनेकदा वर्षांचे काम आहे हे आम्ही संच देण्यापूर्वीच सांगतो. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी छत्तीस इंची चौरस बाळदुपटे दीड इंची षटकोनांत करावे, असा आमचा मनापासूनचा सल्ला आहे. त्याला सुमारे २२५ षटकोन पुरतात आणि ते हातून पूर्ण होते.

पहिले फूल शिवून झाल्यावर ते टेबलावर ठेवून पाहावे. मधोमध फुगत असेल किंवा कडा उचलल्या जात असतील, तर कागद न काढता ते तसेच दुकानात घेऊन यावे. दोष कागदाचा आहे की टाक्याचा, हे कागद आत असतानाच आम्हाला मोजून सांगता येते.