वाइनस्टीन खटला आणि वडसा-देसाईगंज

11 जून 2025 रोजी न्यूयॉर्कच्या ज्युरीने हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याला लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पुन्हा दोषी ठरवलं. एका आरोपात दोषी, दुसऱ्यात निर्दोष, आणि तिसऱ्या, बलात्काराच्या आरोपावर ज्युरीचं एकमत झालंच नाही. हा खटला दुसऱ्यांदा का चालवावा लागला, हे शोधत गेलं की वाट आमच्या झाडीपट्टीपर्यंत, म्हणजे पूर्व विदर्भापर्यंत येते.

हार्वी आणि त्याचा धाकटा भाऊ बॉब यांनी 1979 मध्ये मिरामॅक्स ही कंपनी काढली. आई मिरियम, वडील मॅक्स; दोघांची नावं जोडून हे नाव केलेलं. त्याआधी हार्वी बफेलो शहरात संगीताचे कार्यक्रम लावायचा. कमी पैशातल्या, वेगळ्या धाटणीच्या सिनेमांना मोठा प्रेक्षक मिळवून देणं त्याला जमायचं. 1993 मध्ये डिस्नेने कंपनी विकत घेतली, पुढच्याच वर्षी ‘पल्प फिक्शन’ आला, 1999 मध्ये ‘शेक्सपिअर इन लव्ह’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवलं. 2005 मध्ये भावांनी डिस्ने सोडून ‘द वाइनस्टीन कंपनी’ उभी केली. नव्या नटीला काम मिळेल की दारं बंद होतील, यात त्याच्या शब्दाला फार वजन होतं.

तो बायकांचा लैंगिक छळ करतो, अशी कुजबुज होतीच. पण ती बाहेर येऊ नये म्हणून कागद तयार होते. तक्रार करू पाहणाऱ्या बाईला पैसे द्यायचे आणि कायम गप्प राहण्याच्या करारावर सही घ्यायची. 1990 पासून निदान आठ जणींशी अशा तडजोडी झाल्याचं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पुढे छापलं. त्यांतली 1998 ची लंडनची तडजोड वाचून अंगावर काटा येतो. त्याच्या माजी सहायिकेने कराराच्या या अटी नंतर उघड केल्या: घडलेल्या प्रकाराबद्दल बोलायचं नाही, आणि ज्यावर आपण सही केली त्या कराराची प्रतही आपल्याजवळ ठेवायची नाही. 2015 मध्ये एका तरुण मॉडेलने पोलिसांच्या सांगण्यावरून त्याचं बोलणं गुपचूप ध्वनिमुद्रित केलं, त्यात तो सापडलाही. तरी सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. गप्प बसणाऱ्या बायकांना दोष देणाऱ्यांनी हा सगळा बंदोबस्त आधी नीट पाहावा.

5 ऑक्टोबर 2017 ला जोडी कँटर आणि मेगन टूही यांची बातमी ‘टाइम्स’मध्ये आली, पाच दिवसांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये रोनन फॅरो यांची. मधल्या तीन दिवसांतच कंपनीने त्याला काढलं होतं. त्याच महिन्यात ‘मी टू’ची लाट उठली, तराना बर्क हे शब्द 2006 पासूनच वापरत होत्या. मे 2018 मध्ये अटक झाली, मार्च 2020 मध्ये 23 वर्षांची शिक्षा. लॉस एंजेलिसच्या वेगळ्या खटल्यात 2023 मध्ये आणखी 16 वर्षं.

मग एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने पहिली शिक्षा चार विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. कारण, ज्यांच्याबाबत आरोप ठेवलेलेच नव्हते अशा इतर स्त्रियांच्या साक्षी खालच्या न्यायालयाने घेतल्या होत्या. म्हणून खटला पुन्हा चालवावा लागला. बचाव पक्षाचा भर मात्र पहिल्यापासून एकाच गोष्टीवर होता: घटनेनंतरही या बाया त्याला आपुलकीचे निरोप पाठवत होत्या, म्हणजे संमती होती. ज्याच्या हाती आपलं पोट आहे त्याच्याशी माणूस गोड बोलतो, हे न्यायालयात सिद्ध करत बसावं लागलं.

हाच प्रश्न आमच्याकडे 1972 मध्येच उभा राहिला होता. देसाईगंज, म्हणजेच वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. तिथल्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा त्यामागचा तर्क. ठाण्याचं दार बंद असताना मजुरी करणाऱ्या पोरीने पोलिसाला कसा प्रतिकार करायचा, याचा विचार त्या निकालात नाही. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. 1983 मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालय तसंच धरून चालेल. या बदलाच्या मुळाशी आमच्या भागातली एक पोर आहे, हे इथल्या शाळेत कुणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं.

आज तेच वडसा झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र आहे. दिवाळी झाली, धान निघालं, की मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटकं होतात. नागपूर-मुंबईच्या नट्याही हंगामापुरत्या इथे येतात, नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे ठरलेल्या पैशांवर काम करतात, रातोरात पुढच्या गावाला निघतात. अशा लहान कंपनीत दहा माणसंही कायम नसतात, आणि पुढच्या प्रयोगात काम मिळणं निर्मात्याच्या हाती असतं. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी कंपनीची अंतर्गत समिती कुठून येणार?

त्यासाठीच कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने जिल्ह्याला स्थानिक समिती दिली आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती या समितीकडे जाते. त्यासाठी जिल्ह्याला धावायची गरज नाही. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. समेट हवा की नको हे बाईनेच ठरवायचं. आणि वाइनस्टीनने वर्षानुवर्षं जे केलं, त्याला इथे कायद्यातच मनाई आहे: समेट पैशांच्या देवाणघेवाणीवर करता येत नाही.