स्ट्रोकनंतर कामावर परतताना

हात हलतो, चालता येतं, बोलणंही सुधारलंय, मग आता कामावर जायला काय हरकत आहे? घरचे विचारतात, साहेबही विचारतात. पण परतलेला माणूस बहुतेकदा अडतो तो बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टींपाशी.

त्यातला सगळ्यांत चिवट म्हणजे थकवा. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना तो गाठतो आणि रात्रभर झोपूनही जात नाही. स्ट्रोक सौम्य होता म्हणून थकवाही सौम्य असेल, असं नसतं. पूर्वी आपोआप व्हायच्या त्या गोष्टींकडे आता मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. गोंगाटात एकाचं बोलणं ऐकत टिपणं काढायची, एवढ्यानेही माणूस दुपारपर्यंत गळून जातो. याला आळस म्हणणारे सहकारी भेटतातच.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली असेल तर आणखी एक विचित्र अडचण येऊ शकते. डोळे शाबूत असूनही डाव्या बाजूचं जग ध्यानातच येत नाही. ओळ मधूनच वाचली जाते, तक्त्यातले डावीकडचे आकडे सुटतात, आणि आपलं काही सुटतंय हेच त्या माणसाला कळत नाही. गाडी किंवा यंत्र हाती देण्याआधी तपासणी हवी ती यासाठीच.

तेव्हा माणसाबरोबर त्याचं कामही तपासायला हवं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवायला मदत करणारे तज्ज्ञ, नेमकं हेच करतात. सुरुवातीला अर्धा दिवस, डोक्याचं काम सकाळी, विश्रांती थकण्याआधी. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण नंतरही चालू राहते; पहिल्याच महिन्यात ‘आता हे जमणार नाही’ असा शिक्का मारणं मला घाईचं वाटतं.

लुई पाश्चरना 1868 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी स्ट्रोक झाला. डावी बाजू कायमची अधू राहिली. हाताने करायचे बरेच प्रयोग मग सहकारी करू लागले, आखणी पाश्चर करत. रेबीजची लस त्यांनी 1885 मध्ये, म्हणजे त्यानंतर 17 वर्षांनी माणसाला पहिल्यांदा दिली.

स्ट्रोक लहान मुलांनाही होतो, अगदी नवजात बाळांनाही. त्यांच्या बाबतीत फसगत वेगळी असते. मूल शाळेत परततं, पहिली काही वर्षं बरी जातात. पुढे अभ्यासाचं नियोजन स्वतःच करायची वेळ आली की ते मागे पडू लागतं, कारण मेंदूच्या त्या क्षमतेची खरी गरजच आत्ता पडलेली असते. इतक्या जुन्या आजाराशी याचा संबंध शिक्षकांच्या लक्षात येत नाही. अशा मुलाची बौद्धिक चाचणी एकदा करून भागत नाही. अभ्यासाचं ओझं वाढेल तशी ती पुन्हा करावी लागते.