रिफ्रेश रेट वेगळा, टच सॅम्पलिंग रेट वेगळा

‘माझ्या फोनचा डिस्प्ले ३६० हर्ट्झचा आहे’ असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही. खोक्यावरचा तो ३६० बहुतेक वेळा टच सॅम्पलिंग रेट असतो; डिस्प्ले असतो ९० किंवा १२० चा. दोन्ही हर्ट्झमध्येच मोजतात आणि जाहिरातीत मोठा आकडा ठळक छापतात, त्यातून हा घोळ.

रिफ्रेश रेट तुम्हाला ठाऊक आहेच: स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी, १२० ला दर ८.३ नी.

टच सॅम्पलिंगचा चित्राशी संबंधच नाही. स्क्रीनमध्ये पारदर्शक इलेक्ट्रोडची जाळी असते. बोट टेकलं की तिथली विद्युत धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि टच कंट्रोलर ती जाळी पुन्हापुन्हा तपासून बोटाची जागा शोधतो. सेकंदाला किती वेळा तपासतो, तो हा आकडा. २०१७ च्या आयफोन टेनमध्ये डिस्प्ले ६० हर्ट्झचा आणि टच १२० चा होता.

लोक फसतात ते पुढे. टच दुप्पट वेगाने वाचला म्हणजे फोन दुप्पट चपळ झाला, असं त्यांना वाटतं. पण बोट कुठे आहे हे कळल्यावर ती माहिती ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते, मग ॲपकडे, मग नवी फ्रेम (म्हणजे स्क्रीनवरचं पुढचं चित्र) तयार होते आणि ती दाखवायची वेळ येईपर्यंत थांबावं लागतं. यात बहुधा एकाहून जास्त फ्रेम जातात. सॅम्पलिंग १२० वरून २४० केलं तर जास्तीत जास्त ४.२ मिलिसेकंद वाचतात, तेही एकदाच. रिफ्रेश रेट ६० वरून १२० केला तर वाटेतल्या प्रत्येक फ्रेममागे ८.३ वाचू शकतात. बोट सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने सरकत असेल, तर तेवढ्या वेळात ते ४ मिलिमीटर पुढे जातं. आयकॉन बोटामागे रेंगाळताना दिसतो तो असा. म्हणून डिस्प्ले ६० आणि टच ४८० पेक्षा डिस्प्ले १२० आणि टच २४० चा फोन मी डोळे झाकून घेईन.

जास्त सॅम्पलिंग वाया जातं असं मात्र नाही. चित्र काढताना एका फ्रेममध्ये जास्त बिंदू मिळाले की वळणदार रेष कोनाकोनांची होत नाही. २०१५ चा आयपॅड प्रो ॲपल पेन्सिलची (स्क्रीनवर लिहायच्या डिजिटल पेनची) जागा सेकंदाला २४० वेळा वाचायचा, तो यासाठीच.

‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवल्याने यातलं काहीच बदलत नाही. जाड स्क्रीन गार्डमुळे क्षीण झालेला स्पर्श ओळखला जावा, एवढ्यासाठीच ती सेटिंग आहे. अँड्रॉइडच्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ या लपलेल्या सेटिंग्जमधला ॲनिमेशन स्केल अर्ध्यावर आणला की ॲनिमेशन लवकर संपतं, टच तोच राहतो. त्याआधी बॅटरी सेव्हर बंद आहे ना ते पाहा, कारण अनेक फोनांत तोच १२० चा डिस्प्ले गुपचूप ६० वर आणतो.