उडी मातीची, तडा पायऱ्यांचा

कॅलिफोर्नियात सांताक्रूझजवळ ॲप्टॉस नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पोस्टाच्या मागच्या मोकळ्या जागेत बरीच वर्षं मातीचे ढिगारे होते. सायकलवाल्या पोरांनीच ते फावड्यांनी रचले होते, पाणी मारून, चोपून, अंगण सारवावं तसे गुळगुळीत केले होते. एका ढिगाऱ्याच्या चढावरून सुटायचं, मधली दरी हवेतून ओलांडायची आणि पुढच्या ढिगाऱ्याच्या पलीकडच्या उतारावर उतरायचं, असा खेळ. 2015 मध्ये तिथे बांधकाम आलं आणि ढिगारे सपाट झाले. पण तोवर हा ‘डर्ट जंपिंग’चा खेळ जगभर पसरला होता आणि त्याच्यासाठी सायकलींची एक वेगळी जातही तयार झाली होती. पुढचं चाक धरणारा, जेमतेम 100 मिलिमीटर दबणारा सस्पेन्शनचा चिमटा, मागे सस्पेन्शन नाहीच (म्हणून हार्डटेल), 26 इंची चाकं, आणि बसण्यासाठी नाहीच मुळी, अशी खाली दाबून बसवलेली सीट.

हीच सायकल मग शहरात शिरली. पायऱ्या, कठडे, बागेतले कट्टे, सगळं उड्या मारायला उपयोगी. 2009 मध्ये डॅनी मॅकॅस्किल या स्कॉटिश तरुणानं एडिनबराच्या रस्त्यांवर केलेल्या कसरतींचा व्हिडिओ इंटरनेटवर गाजला, आणि शहर हीच कसरतीची जागा, ही कल्पना घराघरांत पोचली. (त्याची सायकल ‘ट्रायल्स’ प्रकारची, म्हणजे चुलत घराण्यातली.) साहजिकच नव्यानं फ्रेम, म्हणजे सायकलचा सांगाडा, घेणाऱ्याला दोन्ही हवं असतं: रविवारी माती, बाकी दिवस रस्ता. आणि दुकानात शिरल्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, स्टील घेऊ की ॲल्युमिनियम?

माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तुम्ही उतरणार कशावर?

आकडेच घेऊ. समजा उडीचा सर्वांत उंच बिंदू उतरण्याच्या जागेपेक्षा दीड मीटर वर आहे. खाली येईपर्यंत खालच्या दिशेचा वेग होतो सेकंदाला 5.4 मीटर. पुढे जाण्याचा वेग धरू सेकंदाला 6 मीटर, म्हणजे ताशी साधारण 22 किलोमीटर. आता सपाट फरशीवर उतरलात तर तो 5.4 चा सगळा वेग फरशी एका क्षणात शून्यावर आणते. पण 30 अंशांच्या उतारावर उतरलात तर? उतार तुमच्यापासून पळतच असतो. धक्का फक्त उताराला काटकोनात असलेल्या वेगाचा बसतो, आणि हिशोब केला तर तो उरतो सेकंदाला 1.7 मीटर. एवढा वेग किती उंचीवरून पडल्यावर येतो? फक्त 15 सेंटिमीटर. दीड मीटरची उडी आणि फुटपाथच्या कडेवरून उतरल्याइतका धक्का! ढिगाऱ्याचा उतार चोपण्यात पोरं तासन्‌तास का घालवतात, ते इथे कळतं. उरलेला वेग वाया जात नाही, तो पुढच्या उडीला मिळतो.

शहरात असा दयाळू उतार कुणी बांधून ठेवलेला नसतो. एक मीटर उंचीच्या कट्ट्यावरून सपाट काँक्रीटवर उतरलं की तो पूर्ण एक मीटरचा धक्का असतो. म्हणजे फोटोत भीतीदायक दिसते ती मातीवरची उडी. फ्रेमला जड जातो तो मात्र साध्या दिसणाऱ्या कट्ट्यावरचा उतार. दोन्हींसाठी एकच फ्रेम घ्यायची तर तिची ताकद शहराच्या हिशोबानं मोजायला हवी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

इतका धक्का बसतो तर मागेही सस्पेन्शन का नको? कारण सर्वांत मोठं सस्पेन्शन सायकलस्वाराच्या अंगातच आहे. एक मीटरवरून पडून गुडघे, कंबर, कोपर वाकवत अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबलात, तर शरीरावर सरासरी बळ येतं वजनाच्या तिप्पट. पाय ताठ ठेवून दहा सेंटिमीटरमध्ये थांबलात तर अकरापट. सुटतानाही चढावर पाय रोवून सायकल दाबायची असते आणि ती दाबलेली ताकद उडीत परत मिळायला हवी. मागे स्प्रिंग असेल तर ती तुमची ताकद गिळून टाकते. गादीवरून उंच उडी मारून बघा, कळेल.

स्वार उभाच असल्यामुळे बळ सीटमधून जातच नाही. ते तळपायांतून पायडलच्या दांड्यांवर आणि तिथून पायडलचा आस जिथे बसतो त्या आडव्या नळीवर येतं. दुसरी वाट हातांतून, हँडलवरून, चिमट्याचा दांडा ज्या छोट्या उभ्या नळीत फिरतो तिच्यावर. तिला हेडट्यूब म्हणतात. या दोन जागा लक्षात ठेवा, फ्रेमचं आयुष्य तिथेच ठरतं.

दुसरा प्रश्न आकाराचा. दांडीखालून पाय घालून मोठ्या माणसांची सायकल शिकलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको, की वरची दांडी कुठे आहे यावर सायकलवर काय करता येतं ते ठरतं. या फ्रेममध्ये ती मागे झपकन खाली उतरते, कारण हवेत सायकल अंगाखाली फिरवायला जागा लागते. पण खरी गंमत चेनस्टेमध्ये आहे, म्हणजे पायडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या जोडनळ्यांत. डोंगरवाटांवरच्या नेहमीच्या सायकलीत हे अंतर 430 ते 440 मिलिमीटर असतं, डर्ट जंपच्या फ्रेममध्ये 380 ते 390. पाच सेंटिमीटरचं काय एवढं? पुढचं चाक उचलताना मागचं चाक हा तरफेचा टेकू होतो आणि तुमचं वजन त्या टेकूच्या पुढे असतं, ढोबळपणे पायडलच्या आसावर. 440 ऐवजी 385 मिलिमीटर असेल तर चाक उचलायला आठवा हिस्सा कमी जोर लागतो. कठड्यावर चाक चढवणं किंवा फक्त मागच्या चाकावर जाणं दिवसातून शंभरदा करायचं असेल, तर हा आठवा हिस्सा संध्याकाळी पाठीला कळतो. किंमत मोजावी लागते ती चढणीवर. तिथे पुढचं चाक नको असताना उचललं जातं. अशा सायकलवरून कुणी घाट चढायला जात नाही म्हणा.

हेडट्यूबचा जमिनीशी कोन या फ्रेमवर साधारण 68 ते 69.5 अंश असतो. या नळीची रेषा सरळ खाली वाढवली तर ती जमिनीला टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे लागते. बाजारातल्या ट्रॉलीचं चाक जसं आपोआप मागे वळून सरळ होतं, तसं या अंतरामुळे पुढचं चाक सरळ राहू पाहतं. 69 अंशांना 26 इंची चाकावर हे अंतर आठ-साडेआठ सेंटिमीटर असतं. 66 अंशांना ते दहाच्या पुढे जातं. दगडधोंड्यांच्या उतारावर भरधाव जाताना ते हवंच. अरुंद जागेत हँडल झटकन फिरवायचं असेल तर मात्र आडवं येतं. इथे एक चूक हमखास होते. ‘जास्त सस्पेन्शन म्हणजे जास्त सुरक्षित’ असं मानून 100 ऐवजी 140 मिलिमीटरचा चिमटा बसवला जातो. चिमटा दोन सेंटिमीटर लांबला की कोन जवळपास एक अंशानं पडतो, म्हणजे इथे दोन अंश. पायडलचा आस वर चढतो आणि, सर्वांत वाईट म्हणजे, लांब झालेली तरफ हेडट्यूबला जास्त जोरानं उपटू पाहते. कारखान्यानं तिची ताकद तेवढी धरलेलीच नसते.

आता तिसरा प्रश्न. ‘स्टीलची फ्रेम लवचीक, ॲल्युमिनियमची ताठ’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की खरंच वाटतं. धातू म्हणून बघा: ताठपणाच्या मापात स्टील सुमारे 205 गिगापास्कल, ॲल्युमिनियम 69. म्हणजे ॲल्युमिनियमच तिपटीनं नरम! पण ते वजनालाही जवळजवळ तिपटीनं हलकं, घनसेंटिमीटरला 2.7 ग्रॅम विरुद्ध 7.85. वजनाच्या मानानं दोघं बरोबरीत. फरक पडतो नळीच्या जाडीनं. पातळ पत्र्याच्या नळीचा वाकण्याला विरोध व्यासाच्या घनानं वाढतो. पत्रा तेवढाच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट, पण ताठपणा आठपट. ॲल्युमिनियम हलकं असल्यामुळे त्याच्या नळ्या मनगटासारख्या जाड करणं परवडतं, म्हणून ती फ्रेम ताठ लागते. स्टीलची तशी जाड नळी तेवढ्याच वजनात करायची तर पत्रा इतका पातळ होईल की एका आपटण्यात पोचा. तेव्हा अंगाला जाणवतो तो बऱ्याच अंशी नळीचा व्यास. श्रेय मात्र धातूला मिळतं.

मग धातूनं फरक पडतच नाही? पडतो, फ्रेम मरते तेव्हा.

1842 मध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. रोज व्यवस्थित चालणारा आस, अंगावर नेहमीचंच वजन, आणि अचानक तुटला कसा? या कोड्यावर पुढे प्रशियाच्या रेल्वेतला इंजिनिअर आउगुस्ट वोलर यानं कित्येक वर्षं प्रयोग केले. एकदा पेलता येणारं बळ लाखो वेळा आलं की धातू थकतो, हे त्यानं मोजून दाखवलं. त्यातूनच स्टीलचा एक गुण समोर आला: ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कितीही फेरे सहन करतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. बारीकसा ताणही त्याच्या खात्यातून काही ना काही वजा करत राहतो.

यावरून ‘स्टील अमर’ असा निष्कर्ष काढू नये. वेल्डिंगच्या कडेला ताण एकवटतो, गंजानं मर्यादा नाहीशी होते, आणि काँक्रीटवरची वेडीवाकडी उतरण ती मर्यादा सहज ओलांडते. शिवाय चांगले कारखाने ॲल्युमिनियमच्या नळ्या मुद्दाम जाड ठेवतात. सांताक्रूझ कंपनीची जॅकल ही फ्रेम ॲल्युमिनियमचीच, आणि ती काही नाजूक म्हणून ओळखली जात नाही. इंग्लंडच्या डीएमआर कंपनीची ट्रेलस्टार क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम किंचित मिसळलेल्या स्टीलची. वजनात फरक पडला तर अर्ध्या किलोच्या आसपास. बारा-तेरा किलोच्या सायकलीवर सत्तर किलोचा माणूस बसल्यावर त्याचं काय!

मी शहरासाठी क्रोमोलीच घेईन, पण त्याचं कारण वेगळं आहे. 6061 जातीच्या ॲल्युमिनियमला ताकद येते ती भट्टीतून. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाजवळची ती ताकद उतरते, म्हणून वेल्डिंग झाल्यावर फ्रेम पुन्हा भट्टीत घालतात. तडा गेल्यावर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं ती जोडून दिली तर जोड दिसेल चांगला, पण त्याच्या शेजारचा धातू नरम पडलेला असेल. क्रोमोली दुरुस्त होते. मात्र ग्रिल आणि फाटक जोडणाऱ्याच्या हातून नव्हे. एक मिलिमीटरहून पातळ पत्र्याला आर्क वेल्डिंगनं भोकच पडेल. आणि स्टीलचा तडा सहसा हळूहळू वाढतो, पाहणाऱ्याला सापडायला वेळ देतो.

गिअर नसलेल्या या सायकलीत चेन ताणायला चाक मागे सरकवावं लागतं, म्हणून आस बसण्याची खाच आडवी आणि लांब हवी. चेनच्या कड्यांची एक पूर्ण जोडी 25.4 मिलिमीटरची, ती काढली की चाक निम्मं, 12.7 मिलिमीटर पुढे येतं. खाच तेवढी तरी लांब आहे ना, बघून घ्या.

जुनी फ्रेम घेत असाल तर ओल्या फडक्यानं पुसून हेडट्यूबला खालून येऊन मिळणाऱ्या तिरक्या नळीची खालची बाजू उजेडात धरा. जोडाच्या कडेला रंगात केसासारखी रेघ असेल, तर नखानं खरवडून ती रंगापुरतीच आहे का ते पाहा. पायडलच्या आसाभोवतीचे जोड आणि मागच्या चाकाच्या खाचाही तशाच तपासा. विकणारा बहुधा सांगेल, ‘तीनच वर्षं वापरलीय.’ वर्षं राहू द्या. कुठे चालवली, मातीवर की पायऱ्यांवर, तेवढं विचारा.