श्रीलंका : संतापाच्या लाटा आणि टिकून राहिलेले राष्ट्राध्यक्षपद (पार्श्वभूमी)

श्रीलंकेत सप्टेंबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या सत्तांतराकडे २०२२ च्या जनआंदोलनाचे फलित म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्या आंदोलनातील एक प्रमुख मागणी आंदोलनाहून कितीतरी जुनी असून ती अद्याप पूर्ण झालेली नाही. १९७८ च्या राज्यघटनेने निर्माण केलेले कार्यकारी राष्ट्राध्यक्षपद रद्द करावे, ही ती मागणी. गेल्या तीन दशकांत सरकारवरचा लोकांचा राग मतपेटीतून व्यक्त झाला, तेव्हा बहुतेक वेळा हे पद काढून टाकण्याचे वचन देणारी व्यक्तीच त्यावर निवडून आली आणि कार्यकाळ संपला तरी पद जागेवरच राहिले. २०२२ मधील घटनाक्रम समजून घ्यायचा, तर हा धागा हातात ठेवावा लागतो.

या पदाचा जन्मही लोकांच्या नाराजीतूनच झाला. १९७० ते १९७७ या काळातील टंचाई, आयातीवरचे कडक निर्बंध आणि पावासाठीच्या रांगा यांना कंटाळलेल्या मतदारांनी जुलै १९७७ मध्ये विरोधी पक्षाला १६८ पैकी १४० जागा दिल्या. एवढ्या बहुमताच्या बळावर नवी राज्यघटना आली आणि मंत्रिमंडळाचे प्रमुखपद, संरक्षण दलांचे सर्वोच्च सेनापतिपद आणि वरिष्ठ नेमणुकांचा अधिकार थेट लोकांतून निवडलेल्या एकाच व्यक्तीकडे एकवटले. वेगवान आर्थिक विकासासाठी स्थिर कार्यकारी सत्ता हवी, असे त्याचे समर्थन होते. डिसेंबर १९८२ मध्ये मात्र सार्वत्रिक निवडणुकीऐवजी सार्वमत घेऊन त्याच संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवण्यात आली, तेव्हा या स्थैर्याची किंमत दिसू लागली.

सतरा वर्षांची एकपक्षीय सत्ता १९९४ मध्ये संपली. त्या वर्षी विजयी झालेल्या उमेदवाराने १५ जुलै १९९५ पर्यंत हे पद रद्द करण्याचे लेखी वचन दिले होते. ती तारीख उलटून गेली. यादवी युद्ध चालू होते आणि संसदेत दोन तृतीयांश बहुमत नव्हते, ही कारणे खरी होती. ऑगस्ट २००० मध्ये नव्या घटनेचा मसुदा संसदेत मांडला गेला, तेव्हा विरोधकांनी त्याच्या प्रती सभागृहातच जाळल्या. २००५ च्या विजेत्याच्या जाहीरनाम्यातही पद रद्द करण्याचा उल्लेख होता. प्रत्यक्षात युद्ध जिंकल्यानंतर सप्टेंबर २०१० मध्ये अठराव्या घटनादुरुस्तीने दोन कार्यकाळांची मर्यादाच काढून टाकण्यात आली. त्याविरुद्ध एका ज्येष्ठ बौद्ध भिक्खूंनी उभारलेल्या नागरी चळवळीचा मुख्य आग्रह पुन्हा तोच होता, आणि जानेवारी २०१५ मध्ये विरोधकांचा संयुक्त उमेदवार ५१.२८ टक्के मते घेऊन निवडून आला तो याच आग्रहाच्या पाठबळावर. त्यातून एकोणिसावी घटनादुरुस्ती झाली. पद राहिले, अधिकार मात्र कमी झाले: कार्यकाळ सहावरून पाच वर्षांवर आला, दोन कार्यकाळांची मर्यादा परत आली आणि नेमणुकांवर घटनात्मक परिषदेचा अंकुश बसला. आजवरच्या प्रयत्नांत हाच सर्वांत सार्थ म्हणावा लागेल. पण ज्यांच्या सहीने तो झाला त्याच राष्ट्राध्यक्षांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये पंतप्रधानांना अचानक पदच्युत केले आणि नोव्हेंबरमध्ये संसद विसर्जित केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले.

पन्नास दिवसांच्या त्या गोंधळाने आणि २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर रविवारच्या बॉम्बस्फोटांनी, ज्यांत अडीचशेहून अधिक माणसे मेली, लोकांच्या मनात उलटी प्रतिक्रिया उमटवली. वाटून घेतलेल्या सत्तेपेक्षा एक खंबीर माणूस बरा, असे बहुसंख्याक सिंहली मतदारांना वाटू लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये माजी संरक्षण सचिव ५२.२५ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले, ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्या पक्षाला २२५ पैकी १४५ जागा मिळाल्या आणि ऑक्टोबरमध्ये एकोणिसाव्या दुरुस्तीने काढलेले बहुतेक अधिकार विसाव्या घटनादुरुस्तीने पदाला परत दिले. नंतरच्या आर्थिक निर्णयांना कोणी रोखले का नाही, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या दुरुस्तीत आहे.

सत्तेवर येताच मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला गेला. तिजोरीतील आवक घटली, पाठोपाठ करोनामुळे पर्यटन थांबले. मे २०२१ मध्ये रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्या आयातीवर सरसकट बंदी घालण्यात आली. सेंद्रिय शेतीकडे दहा वर्षांत वळण्याचे निवडणुकीतील आश्वासन एका राजपत्राने एका दिवसात अमलात आले, आणि त्यामागे डॉलर वाचवण्याची निकड होती हे लपून राहिले नाही. खरिपाच्या तोंडावर युरिया मिळाला नाही तर गावात काय हलकल्लोळ होतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अनुराधपूर आणि पोळोन्नरुव येथील भातउत्पादकांची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. पावसाळ्याच्या शेवटी सुरू होणाऱ्या ‘महा’ या मुख्य हंगामासाठी पुरेसे सेंद्रिय खत देशात नव्हते. चीनहून आलेल्या जहाजातील खताच्या नमुन्यांत घातक जीवाणू आढळल्याने माल नाकारला गेला, तरी वाद मिटवण्यासाठी पुरवठादाराला ६७ लाख डॉलर द्यावे लागले. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, पण हंगाम हातचा गेला होता आणि तांदळात स्वयंपूर्ण झालेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला. शेतकरी हा सत्ताधाऱ्यांचा हक्काचा मतदार होता. तो दुरावला तो इथे.

मार्च २०२२ पर्यंत परकीय चलन इतके आटले होते की छपाईच्या कागदाअभावी शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, भारनियमन दिवसाला तेरा तासांवर गेले आणि पेट्रोल व गॅसच्या रांगांत उभ्या असलेल्या काही वृद्धांचा मृत्यू झाला. ३१ मार्चच्या रात्री राष्ट्राध्यक्षांच्या मिरिहाना येथील खासगी निवासाबाहेर जमाव जमला. ९ एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तंबू पडले. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. त्या तंबूनगरीत वाचनालय होते, मोफत जेवण होते, दवाखाना होता. तेथे सिंहली, तमिळ आणि मुस्लिम तरुण एकत्र बसत, आणि १८ मे रोजी युद्धात मेलेल्या तमिळ नागरिकांचे स्मरणही त्याच मैदानावर झाले. दक्षिणेत ही गोष्ट पूर्वी कल्पनेतही बसली नसती. ९ मे रोजी पंतप्रधानांच्या समर्थकांनी आंदोलकांवर हल्ला केला, देशभर त्याची हिंसक प्रतिक्रिया उमटली आणि पंतप्रधानांनी राजीनामा दिला. ९ जुलैला जमाव राष्ट्राध्यक्ष भवनात शिरला. १३ जुलैला राष्ट्राध्यक्ष लष्करी विमानाने मालदीवला गेले आणि दुसऱ्या दिवशी सिंगापूरहून त्यांनी राजीनामा पाठवला.

यानंतरचा एक निर्णय आजही सर्वांत वादग्रस्त आहे, आणि लोकांची त्यानंतरची मानसिकता त्याच्याशी जोडलेली असल्याने त्यावर अधिक थांबणे आवश्यक आहे. राष्ट्राध्यक्षपद मुदतीआधी रिकामे झाले तर उरलेल्या मुदतीसाठी संसदेने गुप्त मतदानाने आपल्यातीलच एका सदस्याची निवड करावी, असे घटनेचे ४० वे कलम सांगते. ही तरतूद त्याआधी एकदाच, मे १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्षांची हत्या झाल्यावर, वापरली गेली होती आणि ती निवड बिनविरोध झाली होती. २० जुलै २०२२ रोजी प्रथमच तिच्यासाठी चुरशीचे मतदान झाले. अनेकदा पंतप्रधान राहिलेल्या ज्येष्ठ नेत्याला १३४, सत्ताधारी पक्षातून बाजूला झालेल्या माजी मंत्र्याला ८२ आणि डाव्या आघाडीच्या नेत्याला ३ मते मिळाली. विजयी नेता २०२० मध्ये स्वतःच्या मतदारसंघात हरला होता. त्याच्या पक्षाला देशभरात मिळालेल्या एकमेव, राष्ट्रीय यादीतील (म्हणजे देशभरातील मतांच्या प्रमाणात पक्षाला मिळणाऱ्या) जागेवरून तो वर्षभराने संसदेत आला होता. त्याला मिळालेली बहुतांश मते पळून गेलेल्या राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाची होती.

निवड कायद्याला धरून होती, याबद्दल दुमत नाही. समर्थकांचे म्हणणे असे, आणि ते हलके लेखण्याजोगे नाही, की आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी बोलणी अर्धवट होती, इंधनाच्या जहाजांना द्यायला पैसे नव्हते, निवडणूक घ्यायला वेळ आणि निधी दोन्ही नव्हते, आणि जमावाच्या दबावाखाली राष्ट्रप्रमुख ठरू लागला तर त्याला अंत राहिला नसता. विरोधकांचा मुद्दा वेगळ्या पातळीवरचा होता: ज्या संसदेचा जनादेश रस्त्यावर जाहीरपणे मागे घेतला गेला आहे तिने राष्ट्रप्रमुख निवडणे कायदेशीर असेल, पण त्याला लोकांची मान्यता कोठून येणार? सर्व २२५ सदस्यांनी घरी जावे, ही मैदानावरची घोषणा अतिरेकी म्हणता येईल. परंतु संसदेला ठराव करून स्वतःचे विसर्जन मागता आले असते. तो मार्ग गांभीर्याने चर्चेलाही आला नाही, हे माझ्या मते त्या आठवड्यातील सर्वांत मोठे अपयश आहे. पदाने निर्माण केलेला पेच त्याच पदाच्या तरतुदीने, त्याच सभागृहाने सोडवला आणि आंदोलकांना व्यवस्थाबदलाऐवजी माणूसबदल मिळाला. शपथविधीनंतर काही तासांतच, २२ जुलैच्या पहाटे, सुरक्षा दलांनी गॉल फेसवरील तंबू मोडून काढले; त्याच दुपारी आपल्या ताब्यातील राष्ट्राध्यक्ष सचिवालयाची इमारत रिकामी करू, असे आंदोलकांनी आधीच कळवले होते. कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष या नात्याने १७ जुलैला याच नेत्याने लादलेली आणीबाणी मूलभूत हक्कांचा भंग करणारी होती, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बहुमताने दिला.

पुढील दोन वर्षांत रांगा संपल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास गेलेली महागाई वर्षभरात एक अंकी झाली, भारताच्या सुमारे चार अब्ज डॉलरच्या मदतीने आरंभीचे महिने निभावले आणि मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीचे सुमारे तीन अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर झाले. त्याचा भार घराघरावर पडला: वीजदर दोनदा भरमसाट वाढले, मूल्यवर्धित कर १८ टक्के झाला. मार्च २०२३ मध्ये व्हायच्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका तर निधी नाही या कारणावरून लांबवल्या गेल्या. लोकांना आपला राग सांगण्याची पहिली घटनात्मक संधीच अशी हातातून काढून घेतली गेली, आणि ते मतदारांच्या हक्कांचे उल्लंघन होते असे न्यायालयानेही नंतर म्हटले.

२१ सप्टेंबर २०२४ रोजी संधी मिळाली, तेव्हा संसदेत ३ मते मिळालेल्या त्याच डाव्या नेत्याला ५६ लाखांहून अधिक, म्हणजे ४२.३१ टक्के मते पडली; २०१९ मध्ये त्याला जेमतेम तीन टक्के मिळाली होती. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्याने देशाच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. १४ नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत त्याच्या आघाडीला ६१.५६ टक्के मते आणि २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या, त्यांत तमिळबहुल जाफना जिल्ह्यातील सहापैकी तीन जागाही होत्या. आघाडीतील मुख्य पक्षाने १९७१ आणि १९८७ ते १९८९ या काळात सशस्त्र उठाव केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे मतदार जुन्या पक्षांपासून किती दूर गेला होता हे कळते.

या आघाडीच्या जाहीरनाम्यातही कार्यकारी राष्ट्राध्यक्षपद रद्द करणारी नवी राज्यघटना आहे. १९९४ मध्ये नसलेले दोन तृतीयांश बहुमत या वेळी हाताशी आहे. मात्र कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षांकडून काढून घेणाऱ्या तरतुदींना बहुमताखेरीज सार्वमतही लागते, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका २०१५ मध्ये स्पष्ट झालेली आहे. लांबवलेल्या स्थानिक निवडणुका अखेर ६ मे २०२५ रोजी झाल्या आणि सत्ताधारी आघाडी पहिल्या क्रमांकावर राहिली, तरी तिचा मतांचा वाटा सहा महिन्यांत सुमारे ४३ टक्क्यांवर आला. सार्वमतात निम्म्याहून अधिक मते लागतात. हा वाटा आणखी घसरण्याआधी घटनेचा मसुदा लोकांपुढे यायला हवा.