आर्किटेक्टांच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय भागीदारी आणि शाश्वत शहरीकरण

आर्किटेक्टांची संघटना म्हटलं की बहुतेकांना मेंबरशिप, फी, वर्षातली एक कॉन्फरन्स आणि अवॉर्डचा कार्यक्रम एवढंच आठवतं, आणि ते अगदीच खोटंही नाही. पण या संघटना देशाबाहेरच्या संघटनांशी हातमिळवणी करून शहरांच्या वाढीला बऱ्यापैकी वळण लावू शकतात. शाश्वत शहरीकरण म्हणजे शहर वाढताना पाणी, जमीन, हवा आणि तिथल्या गरीब माणसाची जागा शिल्लक राहील असं वाढणं. यूएनच्या २०१८ च्या अंदाजानुसार तेव्हा जगातले ५५ टक्के लोक शहरात राहत होते आणि २०५० पर्यंत हा आकडा ६८ टक्क्यांवर जाईल, त्यातली बहुतेक वाढ आशिया आणि आफ्रिकेत.

भागीदारीची कल्पना जुनीच आहे. इंटरनॅशनल युनियन ऑफ आर्किटेक्ट्स, म्हणजे यूआयए, १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली शहरं परत उभी करायची होती त्या काळात. राष्ट्रकुल म्हणजे बहुतेक पूर्वी ब्रिटिश साम्राज्यात असलेल्या देशांचा गट, त्यातल्या संघटनांची कॉमनवेल्थ असोसिएशन ऑफ आर्किटेक्ट्स (सीएए) १९६० च्या दशकातली. आशियातल्या संघटनांची आर्केशिया आहे, आफ्रिकेत आणि युरोपात त्यांच्या त्यांच्या संघटना आहेत. पर्यावरणाचा विषय अजेंड्यावर ठळकपणे आला तो यूआयएच्या १९९३ च्या शिकागो अधिवेशनात, आणि २०१४ मध्ये डर्बनला यूआयएने जाहीर केलं की २०५० पर्यंत इमारतींचं कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं. जाहीरनामे काढायला काय, कागद स्वस्त असतो. पण जगातल्या ऊर्जेशी संबंधित कार्बन डायऑक्साइडपैकी २०२१ मध्ये जवळपास ३७ टक्के इमारती आणि बांधकामातून आला, तेव्हा हे काम याच लोकांच्या टेबलावरून जातं हेही खरं.

खरी अडचण माणसांची आहे. सीएएने प्लॅनर, इंजिनियर आणि सर्व्हेअर यांच्या राष्ट्रकुलातल्या संघटनांना सोबत घेऊन सर्व्हे केला, त्याचा २०२० मधला रिपोर्ट सांगतो की ज्या देशांत शहरं सगळ्यात वेगाने वाढतायत तिथेच या व्यावसायिकांची आणि त्यांना शिकवणाऱ्या संस्थांची टंचाई आहे, बिल्डिंग कोड (इमारत कशी बांधायची याचे नियम) आणि प्लॅनिंगचे नियमही तिथेच कमकुवत आहेत, आणि हवामान बदलाचा फटका बसणारेही बरेचसे हेच देश. हे सगळं एकाच ठिकाणी साठलंय हे एकेकट्या देशाकडे बघून कळलंच नसतं, आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर कळलं. माझ्या मते भागीदारीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, एमओयूवर, म्हणजे सहकार्याच्या करारावर, सह्या करतानाच्या फोटोंपेक्षा कितीतरी मोठा.

आता टंचाई भरून काढायची तर वेळ लागतो. यूआयएच्या निकषांप्रमाणे किमान ५ वर्षांचं शिक्षण आणि वर २ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, म्हणजे आज कॉलेजात गेलेली मुलगी ७ वर्षांनी स्वतःच्या सहीने नकाशा देणार, शहर तोवर कुठल्या कुठे गेलेलं असतं! एवढ्या वर्षांचं शिक्षण निदान दर्जेदार हवं, म्हणून कोर्स तपासून त्याला मान्यता देणं हा विषय महत्त्वाचा. यूनेस्को आणि यूआयएची शिक्षणाची सनद १९९६ मधली, नंतर वेळोवेळी सुधारलेली. २००८ च्या कॅनबेरा करारानुसार त्यात सामील असलेल्या मान्यता देणाऱ्या संस्था एकमेकींची पद्धत समतुल्य मानतात, सीएए त्यात आहे आणि स्वतःही कोर्स तपासते. छोट्या देशात एकच आर्किटेक्चर कॉलेज असेल आणि ते तपासायला तिथे कोणी नसेल तर बाहेरून पॅनेल येऊन बघून जातं, उणिवा सांगतं, आणि अभ्यासक्रमात हवामान, पाणी, स्वस्त घरं हे विषय नुसते नावाला आहेत का तेही विचारू शकतं.

पण याला दुसरी बाजू आहे. पदवीला बाहेर मान्यता मिळाली की हुशार पोरं जास्त पगाराच्या देशात जातात, मग टंचाई होती तिथे आणखी वाढते. यावर सरळ उत्तर कुणाकडेच नाही. अनुभवी लोकांनी दूरून मार्गदर्शन करणं, दोन फर्मनी एकत्र काम घेणं, सरकारी खात्यातल्या लोकांना ट्रेनिंग देणं असे मार्ग आहेत, त्यातला शेवटचा मला जास्त पटतो कारण परवानगी देणाऱ्या टेबलावरचा माणूस नकाशा वाचू शकला नाही तर कोड कितीही चांगला लिहा, काही उपयोग नाही.

कोडचंही तसंच आहे. दुसऱ्या देशाचा कोड उचलून आणला तर थंड हवेसाठी लिहिलेले इन्सुलेशनचे नियम दमट उष्ण शहरात लागू होतात आणि जिथे वारा खेळता ठेवायचा तिथे लोक खिडक्या बंद करून एसी लावतात. ज्यांचं हवामान सारखं अशा देशांच्या संघटनांनी आपसात बोलणं म्हणूनच जास्त फायद्याचं, मग ते श्रीमंत असोत नसोत.

सरकारांपर्यंत पोचायचं तर एकट्या आर्किटेक्टांचा आवाज पुरत नाही. २०१६ मध्ये इक्वेडोरमधल्या क्विटोला यूएनचा नवीन शहरी अजेंडा ठरला, यूएनच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी ११ वं उद्दिष्टही शहरांबद्दलच आहे, तरी रोजचं काम शेवटी महापालिकांकडे. राष्ट्रकुलात म्हणून आर्किटेक्ट, प्लॅनर, इंजिनियर आणि सर्व्हेअर या चार व्यवसायांच्या संघटना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा मंच यांनी मिळून शहरीकरणाचा विषय लावून धरला, आणि जून २०२२ मध्ये रवांडातल्या किगालीच्या बैठकीत राष्ट्रकुलाच्या नेत्यांनी शाश्वत शहरीकरणावर वेगळा जाहीरनामा काढला.